घेण्याचे माप आणि देण्याचे माप

पहिले बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडील जुना संकेत. सातव्या महिन्यानंतर लेकीने माहेरी यावे, आईच्या हातचे खावे, सव्वा महिना तिला आणि बाळाला वारा लागू न देता जपावे, आणि बारशानंतर तिची पाठवणी व्हावी, ही रीत व्यापारी घरांत अजूनही मानली जाते. परंतु लेकी जसजशा अमेरिका, कॅनडा, जर्मनी येथे संसार करू लागल्या, तसतशी ही रीत उलटी झाली. आता लेक माहेरी येत नाही. माहेरच सुंठ, बाळंतशेपा, अळिवाचे लाडू आणि जुन्या सुती लुगड्यांची दुपटी घेऊन लेकीच्या दारी जाते. या वाटेवर एक खिडकी लागते. तेथे व्हिसाचा निर्णय होतो. त्या खिडकीवर नकार मिळाला म्हणजे घराची जी परीक्षा होते, ती केवळ पैशाची किंवा धीराची नसते. ती व्रताचीही असते.

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील चुडावा हे पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील लहान स्टेशनचे गाव. कापूस, सोयाबीन आणि हळद यांच्या हंगामावर येथील दुकानदारी चालते. या गावातील एका जैन कुटुंबाचे भुसार मालाचे व किराण्याचे दुकान आहे. घरातील बाई वयाने छपन्न वर्षांच्या. गावात लहानथोर त्यांना काकू म्हणूनच ओळखतात. पहाटे सामायिक, दिवसभर घर आणि दुकान, सूर्यास्तापूर्वी चौविहार, असा त्यांचा दिनक्रम. त्यांची लेक पुण्याला अभियांत्रिकी शिकली, विवाहानंतर अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात गेली आणि तेथे नोकरी करू लागली. जावयांना ग्रीन कार्ड मिळाले होते. त्यांच्या मातोश्री हयात नव्हत्या. लेकीला दिवस गेल्याचे कळले, तेव्हा ‘काकू कधी निघणार?’ एवढाच प्रश्न चुडाव्यात विचारला गेला. ‘काकूंना जाता येईल का?’ हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही.

आईची निकड तेथे का भासते, हे समजून घेतले पाहिजे. अमेरिकेच्या १९९३ च्या केंद्रीय कायद्याने मोठ्या आस्थापनांतील पात्र कर्मचाऱ्यांना बारा आठवड्यांची रजा मिळते, पण ती बिनपगारी. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी विम्याच्या आधाराने रजेच्या काळात काही वेतन मिळण्याची सोय केली आहे. तरी अडीच-तीन महिन्यांचे तान्हे बाळ घरी ठेवून आईला कामावर रुजू व्हावे लागते, ही तेथील सर्वसामान्य स्थिती. पाळणाघराचा खर्च घरभाड्याच्या जवळपास जातो. त्यामुळे चुडाव्याची आजी तेथे केवळ लाड करण्यासाठी जात नाही. तिच्या दोन हातांवर एका घराची घडी बसायची असते.

काकूंनी नियमाप्रमाणे अर्ज भरला, बोटांचे ठसे दिले, १८५ डॉलर शुल्क भरले आणि ठरल्या दिवशी महानगरातील वकिलातीत त्या उभ्या राहिल्या. मुलाखत तीन मिनिटांत आटोपली. कशासाठी जाता, किती दिवस राहणार, घरी कोण असते, असे विचारले गेले. काकू मराठीतून म्हणाल्या, ‘लेकीचे बाळ सांभाळायला जाते. ती म्हणेल तितके दिवस राहीन.’ हे उत्तर अक्षरशः खरे होते, आणि त्यानेच घात केला. हातात एक छापील कागद आला. त्यावर २१४(ब) या कलमाचा उल्लेख होता.

हे कलम अमेरिकेच्या १९५२ च्या परदेशगमनविषयक कायद्यातील आहे. त्यातील गृहीतक सरळ असले तरी कठोर आहे: पाहुणा म्हणून येणारा प्रत्येक अर्जदार कायमचा राहण्यासाठीच येत आहे असे धरून चालावे, आणि तसे नाही हे पटवून देण्याचा भार अर्जदारानेच उचलावा. या नकारावर अपील नाही. पुन्हा शुल्क भरून नवा अर्ज करता येतो. परंतु परिस्थितीत काही बदल झाला नसेल, तर निराळ्या निकालाची आशा थोडीच असते. काकूंना चुडाव्यात परत आणणाऱ्या गोष्टी पुष्कळ होत्या: चालते दुकान, पती, लग्नाचा मुलगा, गावातले मंदिर आणि मुनिसंघाच्या विहाराच्या वेळी पडणारी जबाबदारी. पण हे त्यांना कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. ज्या घरात आपण चाळीस वर्षे नांदलो, तेथे परत येणार हे सिद्ध करावे लागते, हेच त्यांच्या ध्यानी आले नव्हते.

नकाराचा कागद घेऊन गावी आलेल्या माणसाची स्थिती विचित्र असते. त्याने गुन्हा केलेला नसतो. पण चारजण विचारतात तेव्हा मान खाली जाते. भरलेली बॅग पुन्हा उघडावी लागते. दुपटी कपाटात जातात, लाडू शेजारीपाजारी वाटले जातात. काकू आठ दिवस मंदिरातही लोक उठून गेल्यावर जात. ‘माझ्या तोंडावर असे काय लिहिले होते, की त्याला मी पळून जाणारी वाटले?’ हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला घरात कोणाकडेही उत्तर नव्हते.

मग सल्ले येऊ लागले. त्यांतील एक सल्ला दुकानाच्या गादीवरच आला. ओळखीच्या एका गृहस्थांनी सांगितले की, ‘कागद बनवून देणारा’ माणूस आहे. तो उत्पन्नाचे आकडे वाढवील, नसलेल्या जमिनीचा उतारा जोडील, आणि बाळंतपणाचा विषय न काढता ‘सहलीला जाते’ एवढेच बोलण्याची तालीम करून घेईल. काकांनी शांतपणे नकार दिला. कायद्याच्या दृष्टीनेही ते शहाणपणाचे होते. कारण खोटी माहिती देऊन व्हिसा मिळविण्याचा प्रयत्न उघडकीस आला, तर अमेरिकेचा दरवाजा आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतो. पण काकांचे कारण त्याहून जुने होते. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत ‘कूटलेखक्रिया’ आहे. कूटलेख म्हणजे खोटा दस्तऐवज. आचार्यांनी हा दोष स्वतंत्र नावाने नोंदविला, कारण व्यापाऱ्याची जीभ आवरलेली असली तरी त्याची लेखणी घसरू शकते, हे त्यांना ठाऊक होते. लेकीच्या मायेपोटी लिहिलेला खोटा कागदही खोटाच. ‘वहीत खोटे लिहायचे नाही म्हणतो, मग अर्जात कसे लिहू?’ एवढेच काका म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

लेकीची प्रसूती सुखरूप झाली. सुरुवातीचे दिवस तेथील जैन कुटुंबांतील भगिनींनी पाळीपाळीने डबे पाठवून निभावले. काकू रोज पहाटे दूरध्वनीच्या पडद्यावर बाळाची मालिश कशी करावी हे उशीवर हात फिरवून दाखवीत. पण रजा संपत आली, तेव्हा लेकीने आणि जावयांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी ‘ओ पेअर’ बोलावण्याचे ठरविले.

‘ओ पेअर’ हा फ्रेंच शब्दप्रयोग असून त्याचा अर्थ ‘बरोबरीच्या नात्याने’ असा आहे. परदेशातील तरुण मुलगी किंवा मुलगा एखाद्या कुटुंबात घरच्यासारखा राहतो, मुले सांभाळतो, तेथील भाषा व रीतिरिवाज शिकतो, आणि त्याबदल्यात त्याला राहणे, जेवण व हातखर्च मिळतो, अशी ही पद्धत. युरोपातील राष्ट्रांनी १९६९ साली स्ट्रासबर्ग येथे या विषयीचा करारही केला. अमेरिकेत ही योजना सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या ‘जे-१’ व्हिसाखाली चालते. तिचे नियम काटेकोर आहेत. येणाऱ्या व्यक्तीचे वय १८ ते २६. काम दिवसाला दहा तासांहून आणि आठवड्याला ४५ तासांहून अधिक नाही. आठवड्यातून दीड दिवस सुटी, महिन्यातून एकदा शनिवार-रविवार पूर्ण मोकळे, वर्षातून दोन आठवडे भरपगारी रजा. स्वतंत्र खोली. केंद्रीय नियमाप्रमाणे आठवड्याला किमान १९५.७५ डॉलर, शिवाय शिक्षणासाठी ५०० डॉलरपर्यंत साहाय्य. दोन वर्षांहून लहान मूल असेल, तर तान्ही मुले सांभाळल्याचा २०० तासांचा लेखी अनुभव हवा. आणि बाळ तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याला तिच्यावर एकटे सोपविता येत नाही.

यजमान कुटुंबालाही अटी आहेत. पालक अमेरिकेचे नागरिक किंवा कायम रहिवासी असले पाहिजेत. म्हणजे ‘एच-१बी’ व्हिसावर राहणाऱ्या आपल्या असंख्य दांपत्यांना हा मार्ग उपलब्धच नाही. ‘गावाकडचीच एखादी मुलगी नेऊ’ असा विचारही पुष्कळांच्या मनात येतो. जर्मनीत तो चालत नाही; ज्या घराची मातृभाषा जर्मन नाही, त्या घराला आपल्याच मूळ देशातील ओ पेअर ठेवता येत नाही. भाषा व संस्कृती यांची देवाणघेवाण हा हेतू असल्यामुळे ही अट सयुक्तिकच म्हणावी लागेल.

लेकीने संस्थेमार्फत कोलंबिया देशातील एक बावीस वर्षांची मुलगी निवडली. दोन महिने पडद्यावरून बोलणी झाली. घरात अंडे-मांस शिजत नाही, कांदा-लसूण आणि कंदमुळे नाहीत, हे आधीच सांगितले गेले. मुलीने ते आनंदाने मान्य केले. तिने नोकरी सोडली, सामान घेतले, खोलीच्या भिंतींचा रंगही तिला विचारून ठरला. आणि तिच्या देशातील वकिलातीच्या खिडकीवर तिला नकार मिळाला. कलम तेच, २१४(ब).

त्या रात्री न्यू जर्सीहून चुडाव्याला आलेल्या दूरध्वनीत संताप होता. ‘आमचे पैसे अडकले, रजा संपली, आता आम्ही काय करायचे? मुलीने मुलाखतीची तयारीच केली नसणार. संस्थेने दुसरी द्यावी, आजच्या आज.’ लेकीचे म्हणणे अकारण नव्हते. चार दिवसांनी तिला कामावर जायचे होते. काकूंनी सारे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्या पोरीचे काय झाले गं? तिला कोणी फोन केला का?’

फोन कोणीच केला नव्हता.

या प्रश्नाने त्या घरात जे झाले, ते परदेशी यजमान होऊ पाहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात घ्यावे असे आहे. काकूंना नकार मिळाला, तेव्हा सारे घर म्हणाले की अधिकाऱ्याने अन्याय केला. कोलंबियाच्या मुलीला नकार मिळाला, तेव्हा तेच घर म्हणाले की तिचेच काही चुकले असेल. खिडकी एकच, कलम एकच. पण माप दोन. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिकमानोन्मान’ आहे. घेताना मोठे माप आणि देताना लहान माप वापरणे, असा त्याचा अर्थ आपल्या घरांत मुलांना लहानपणीच सांगितला जातो. शेर-पायली जाऊन किलो आले, तरी तो दोष तराजूपुरता राहत नाही. सहानुभूती तोलतानाही तो घडतो. आपल्या माणसाला जोखताना एक वजन आणि परक्या मुलीला जोखताना दुसरे, हीसुद्धा मापातली लबाडीच.

परक्याचे मूल सांभाळण्यासाठी समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रिया आपल्या देशाला नवीन नाहीत. इंग्रजांच्या राज्यात मुंबई, कलकत्ता येथील बंदरांतून साहेबांची मुले सांभाळीत शेकडो आया विलायतेला जात. प्रवास संपला की त्यांतील कित्येकींना परतीच्या भाड्यावाचून लंडनमध्ये सोडून दिले जाई. अशा निराधार स्त्रियांसाठी तेथे ‘आयाज होम’ नावाचे आश्रयस्थान चालत असे. १९०० पासून ते हॅक्नी भागात होते, आणि २०२२ मध्ये त्या वास्तूवर स्मृतिफलक लागला. त्या काळी आपल्या आया-बहिणी खिडकीच्या बाहेर उभ्या होत्या. आज आपल्या लेकी यजमानीण झाल्या आहेत. हा भाग्याचा पालट आहे, आणि त्याबरोबर येणारे उत्तरदायित्वही आहे.

शिवाय नकार नेहमी अर्जदाराच्या गुणदोषांवर ठरतो असेही नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढलेल्या आदेशाने ओ पेअरसह अनेक प्रकारचे व्हिसा थांबविले गेले, ते मार्च २०२१ अखेरपर्यंत. मे २०२५ मध्ये विद्यार्थी व देवाणघेवाण व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे काही आठवडे बंद राहिले, आणि पुढे अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाली. ब्रिटनने ओ पेअरचा स्वतंत्र व्हिसा २००८ सालीच बंद केला. नॉर्वेने २०२४ मध्ये ही योजना गुंडाळली, कारण तिचा उपयोग स्वस्त मोलकरीण मिळविण्यासाठी होतो, अशी टीका तेथे वाढत गेली होती. म्हणजे यजमानांच्या वर्तनामुळेही दरवाजे बंद होतात. नियम वाकविणारे एक घर पुढच्या शंभर मुलींची वाट अडवू शकते.

काकूंच्या प्रश्नानंतर लेकीने त्या मुलीला दूरध्वनी केला. मुलगी रडत होती. नोकरी गेली, गावात हसे झाले, आणि आता यजमान पैसे मागतील की काय, या भीतीने तिने स्वतःहून संपर्क केला नव्हता. लेकीने तिला सांगितले की काहीही परत करायचे नाही. उलट पुन्हा अर्ज करायचा असेल, तर त्याचे शुल्क हे घर देईल. मुलाखतीत काय विचारले गेले, हे तिने तपशिलाने सांगितले. ‘परत येऊन काय करणार?’ या प्रश्नावर ती गप्प राहिली होती. काकूंनी हे ऐकले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मलाही तेच विचारायचे होते त्याला. आम्हा दोघींनाही घर सांगता आले नाही.’

मुलीने दुसऱ्यांदा अर्ज केला. तोही नामंजूर झाला. पुढे तिने आपल्याच शहरात परिचर्येचा अभ्यासक्रम धरला. न्यू जर्सीच्या घराला मधले तीन महिने महागड्या पाळणाघरावर काढावे लागले, त्यासाठी घर घेण्याचा बेत लांबला. नंतर थायलंडची एक मुलगी आली. तिच्या बाबतीत घराने दोन गोष्टी भिंतीवर लिहून लावल्या. पहिली, ४५ तासांचा हिशेब रोजच्या रोज. कारण अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ आहे, आणि ते केवळ बैलाच्या पाठीपुरते सांगितलेले नाही. दुसरी, स्वयंपाकघर जैन पद्धतीचे राहील. पण तिच्या जेवणाची वेळ सूर्यास्ताशी बांधली जाणार नाही आणि बाहेर ती काय खाते याची चौकशी होणार नाही. व्रत आपण घेतलेले असते. ते दुसऱ्याच्या ताटावर लादले तर ‘अन्नपाननिरोध’ या दुसऱ्या अतिचाराच्या जवळ आपण जातो.

ज्या कुटुंबांपुढे असा प्रसंग येईल, त्यांच्यासाठी यातून काही गोष्टी निघतात. व्हिसाच्या खिडकीवर सत्य बोलावे, पण अर्धे सत्य बोलून थांबू नये. जाण्याचे कारण जितके खरे, तितकीच परतण्याची कारणेही खरी असतात. ती मोजक्या शब्दांत, दिवसांच्या निश्चित मुदतीसह सांगावीत. नातवंडाला भेटायला जाणे आणि पगारावर काम करायला जाणे यांतील फरक आईवडिलांना आधी नीट समजावून द्यावा. नकार आला तर लगेच दुसरा अर्ज टाकण्याची घाई करू नये. परिस्थितीत काय बदलले, हे आधी पाहावे. मिळालेल्या मुदतीहून अधिक राहणे हा ‘विरुद्धराज्यातिक्रम’ होय, हे विसरू नये. कॅनडात असणाऱ्यांनी आईवडिलांसाठी डिसेंबर २०११ पासून चालू असलेल्या ‘सुपर व्हिसा’ची माहिती घ्यावी, त्यात मुलाचे किंवा मुलीचे उत्पन्न व आरोग्यविमा पाहिला जातो, आणि आता एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. आणि ओ पेअर बोलाविणाऱ्यांनी मुलगी निवडतानाच ठरवून ठेवावे, की तिला नकार मिळाला तर पहिला दूरध्वनी संस्थेला नव्हे, तिला जाईल.

यंदाच्या संवत्सरीला काकूंनी लेकीकरवी कोलंबियाच्या त्या मुलीला क्षमापनेचा निरोप पाठविला. भाषेची अडचण होती, म्हणून लेकीने ‘मिच्छामि दुक्कडम्’चा अर्थ इंग्रजीतून लिहिला: कळत-नकळत तुला दुखावले असेल तर क्षमा असावी. तिचे उत्तर आले, त्याबरोबर तिच्या परिचर्येच्या गणवेशातील एक छायाचित्रही होते. काकूंनी ते नातवाच्या छायाचित्राशेजारी दुकानातील गल्ल्यावर लावले आहे. गिऱ्हाईक विचारते, ‘ही कोण?’ काकू सांगतात, ‘आमच्या नातवाला सांभाळायला जाणार होती. तिलाही माझ्यासारखेच जाता आले नाही.’ मुलाचे लग्न माघात आहे. ते उरकल्यावर काकू नव्याने अर्ज करणार आहेत. या वेळी परतण्याचा दिवस त्यांनी आधीच ठरवून ठेवला आहे: अक्षय्यतृतीयेला वर्षीतपाचे पारणे चुकवायचे नाही.